आसगावची भिंत आणि दोन श्वेतबटू

नागपूरहून निघालेली पॅसेंजर भंडारा रोड स्टेशनात शिरली तेव्हा धुके इतके दाट होते, की फलाटावरची पाटी मला गाडी थांबल्यावरच वाचता आली. स्टेशनाचे नाव भंडारा रोड, गावाचे नाव वरठी, आणि भंडारा शहर इथून आणखी पुढे. शेजारच्या बाईंनी हे आधीच बजावले नसते तर मी स्टेशनाबाहेर पडून भंडारा शोधत बसले असते.

बाहेर सायकलींची रांग लागली होती. मफलर बांधलेली माणसे हँडलला डबे लटकावून पोलादाच्या कारखान्याकडे निघाली होती. मधूनच एखादी मोटरसायकल भुर्रकन पुढे जाई आणि धुके तिला गिळून टाकी. चहाच्या टपरीवर मी हात शेकत उभी राहिले.

"कुठी जाऊन राहिल्या जी?" टपरीवाल्याने विचारले.

"आसगावला."

"पवनीकडचं आसगाव? मंग आधी भंडारा, तिथून अड्याळची बस. कोणाच्या घरी पाहुण्या?"

"पाहुणी नाही. तिथे देवाजी मास्तर म्हणून आहेत. त्यांना एक उत्तर द्यायचंय."

"कोर्टाचं काय?" तो एकदम गंभीर झाला. मी नाही म्हटले, तरी त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

१९८६ चा डिसेंबर होता. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे आणि एका मराठी विज्ञान मासिकात अधूनमधून आकाशाविषयी लिहीत असे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी श्वेतबटूंवर एक लेख लिहिला होता. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले, की तो आकसत आकसत पृथ्वीएवढा होतो. वजन मात्र जवळपास ताऱ्याचेच राहते. तो श्वेतबटू. असे दोन श्वेतबटू कधीकधी एकमेकांभोवती फिरत असतात. कोट्यवधी वर्षे फिरता फिरता ते जवळ येत जातात, आणि शेवटी इतके जवळ येतात, की त्यांचा स्फोट होतो. काही दिवस तो स्फोट अख्ख्या दीर्घिकेएवढा उजळतो. ही कल्पना तेव्हा नवीनच होती आणि तिच्यावर वादही चालू होते. मी लेखात शेवटी लिहिले होते: 'मागे उरतो तो एक प्रचंड, सर्व बाजूंनी सारखा फुगत जाणारा वायूचा गोल.'

एप्रिलमध्ये आसगावहून पत्र आले. अक्षर शाळामास्तरांचे असते तसे, एकेक वेलांटी सांभाळून काढलेले. 'आपला लेख वाचला. त्यावर आमच्या घरी असा प्रश्न निघाला, की दोघांपैकी आधी एकच फुटला असेल, तर दुसरा त्याच्या शेजारीच असणार. मग त्या बाजूला जाणारा माल दुसऱ्याच्या आड अडेल. असे असता गोल सगळीकडून सारखा कसा? कृपया कळवावे. देवाजी, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक.'

मी ते पत्र दोनदा वाचले आणि माझे कान गरम झाले. प्रश्न अचूक होता. मी दोन्ही तारे एकजीव होऊन एकदम फुटतात असे गृहीत धरले होते. एक आधी फुटेल हा विचारच केला नव्हता. दुसरा तारा जर आड असेल, तर त्याच्यामागे सावलीसारखी एक पोकळ जागा राहायला हवी. पण ती टिकेल का? आजूबाजूचा तापलेला वायू आत घुसून तिला बुजवून टाकील? मी कागद घेऊन बसले. मुंबईच्या एका जाणत्या संशोधकांना विचारले. ते म्हणाले, "याचं गणित कोणी केल्याचं मला तरी माहीत नाही." मग मी ठरवले, की नीट उत्तर सापडले म्हणजे लिहू. मे गेला, जून गेला. परीक्षा, प्रवेश, गणपती, दिवाळी. पत्र टेबलाच्या खणात राहिले. नागपूरला एका चर्चासत्राचे निमंत्रण आले तेव्हा वाटले, आता प्रत्यक्षच जाऊ या.

भंडाऱ्याहून सुटलेली बस अड्याळच्या अलीकडे एका वळणावर खोकली, थरथरली आणि थांबली. वाहकाने सगळ्यांना खाली उतरवले. दुतर्फा कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) पसरल्या होत्या. त्यांत धानाची पुंजणी (कापून रचलेल्या पेंढ्यांचे ढीग) झोपडीएवढाली उभी होती. मधेमधे बोड्यांचे (शेतातल्या लहान तळ्यांचे) पाणी चमकत होते आणि त्यात बगळे एका पायावर ध्यान लावून होते. मी ते पाहण्यात इतकी रमले, की मागून आलेल्या दुसऱ्या बसमध्ये सगळ्यांबरोबर घाईघाईने चढले आणि अड्याळला उतरल्यावर लक्षात आले: माझी कागदाची गुंडाळी पहिल्याच बसच्या फळीवर राहिली आहे. मास्तरांना दाखवायला मी तीन मोठ्या आकृत्या काढून आणल्या होत्या. आता हाती काहीच नव्हते.

अड्याळला त्या दिवशी बाजार होता. वांगी, सांभार (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात), लालबुंद भेद्रे (टोमॅटो), उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग. एका बाईकडून मी शिंगाडे घेतले. मला ते सोलता येईनात, तेव्हा तिने माझ्या हातातून काढून घेऊन चार सोलून दिले. "शहरातल्या बोटाइले काही येत नाही ना बाप्पा," असे म्हणून ती मनापासून हसली. पुढची बस संध्याकाळी होती. तिच्याच ओळखीचे महादेव नावाचे एक म्हातारे शेतकरी बैलगाडी घेऊन आसगावला परतणार होते. त्यांनी गाडीत तणस (धानाचा पेंढा) पसरून मला जागा करून दिली.

बैल संथ चालत होते. तणस मऊ होते, पण मानेला भयंकर खाजत होते. बराच वेळ गेल्यावर महादेवांनी मागे न वळता विचारले, "मास्तरचं काय काम काढलं जी?"

"त्यांनी मला एक पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर द्यायला चाललेय."

"आता चिठ्ठी कुठची लिहितात ते! मास्तरले लकवा मारला ना जी, पोळ्याच्या आधी. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डोकं साबूत आहे, समजते सारं. पण बोलता येत नाही."

पोळा ऑगस्ट-सप्टेंबरातला. पत्र एप्रिलचे. चार महिने होते माझ्या हातात. मला वाटले, महादेवांना गाडी वळवायला सांगावे. पण रस्ता अरुंद होता, आणि बैलांना घर दिसू लागले होते.

मास्तरांचे घर गावाच्या टोकाला, कौलारू, दोन खोल्यांचे. अंगण शेणाने सारवलेले, भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या. अंगणात उन्हाला बाज टाकलेली आणि तीवर उशीला टेकून बसलेले मास्तर: मोठे कपाळ, तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळलेली, डोळे मात्र विलक्षण जागे. त्यांच्या पत्नी पार्बताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"जयभीम," त्या उठून म्हणाल्या. "कोण जी तुमी?"

मी नाव सांगितले. त्यांना ओळख पटली नाही. पण मास्तरांच्या घशातून एक आवाज आला आणि त्यांचा डावा हात उशीवर थापट्या मारू लागला. पार्बताबाई क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "अरे बाप्पा. ताऱ्याइच्या बाई?"

पाणी झाले, गूळ झाला, चहा झाला. मी बाजेशेजारी पाटावर बसले आणि मास्तरांना सांगू लागले. तुमचा प्रश्न फार चांगला होता. माझं चुकलं होतं. मी सांगत होते आणि मास्तर मान हलवत होते, 'हो' म्हणून नव्हे, 'नाही' म्हणून. मला वाटले, माझे काही त्यांना पटत नाही. मी पुन्हा समजावू लागले, तर ते अधिकच अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी डावा हात उचलला आणि बोट सरळ पत्नीकडे रोखले.

पार्बताबाई लाजल्या. पदर ओठांवर धरून म्हणाल्या, "ते सांगून राहिले का प्रश्न त्याइचा नोहे. माझा होता जी."

'आमच्या घरी असा प्रश्न निघाला.' ते वाक्य तर पत्रात लिहिलेलेच होते. मी ते ओलांडून थेट सहीकडे गेले होते.

"मले वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर रोज दिवेलागणीले वाचून दाखवत. पेपर, पुस्तक, जे घरात येईल ते. तुमचं बी वाचलं. या जी, दाखवतो तुमाले."

त्यांनी मला स्वयंपाकाच्या खोलीत नेले. तीन भिंती स्वच्छ पांढऱ्या होत्या. चुलीजवळची चौथी मात्र राखेने माखलेली, करडी. त्या करड्या भिंतीच्या मधोमध एक पांढरा डाग होता, खाली अरुंद, वर रुंद होत गेलेला.

"त्या दिवशी चुलीत ओला बांबू घातला होता. पेर तसंच राहिलं, फोडलं नोहोतं. भल्ला फुटला जी! सारी राख उडाली. भिंतीवर, छपरावर, माझ्या केसाइत. पण चुलीच्या बाजूले पाण्याची घागर होती. तिच्या मागं पाहा, काहीच नाही. कोरं. आन् त्याच दिवशी संध्याकाळी मास्तरनं तुमचं वाचलं, का गोल चहूकडून सारखा. मी म्हटलं, काहून सारखा? दुसरा बाजूले आहे ना? घागर आहे ना तो?"

मी भिंतीसमोर उभी राहिले. सहा पानांच्या समीकरणांत मी जे शोधत होते, ते इथे राखेने काढून ठेवले होते. सावलीच्या कडासुद्धा दिसत होत्या, आणि कडांपाशी थोडी राख आत सरकल्यासारखी. माझी सगळी अडचण त्या कडांतच होती.

"ही भिंत तशीच का ठेवली?"

"मास्तर म्हणे, राहू दे. उत्तर येईल, त्या बाईले कामी पडंल. मंग त्याइले लकवा मारला. म्या सारं घर पोतारलं, हे तेवढं ठेवलं. कोणी घरात आलं का इचारते, ही भिंत काहून अशी? मी म्हणतो, चिठ्ठीची वाट पाहून राहिली."

आम्ही अंगणात परत आलो. आता टाळण्यासारखे काही उरले नव्हते. मी दोघांकडे बघून म्हणाले, "पार्बताबाई, तुमचं बरोबर आहे. एक आधी फुटला, तर दुसऱ्याच्या मागे जागा रिकामी राहील. गोल सारखा होणार नाही, एका बाजूला खड्डा पडलेला असेल. पण ती जागा किती काळ राहील, शंभर वर्षं, हजार वर्षं, की लगेच बुजेल, ते मला माहीत नाही. मी विचारलं त्यांनाही माहीत नाही. आणि दुसराही फुटला, तर त्याचा माल पहिल्याच्या आत पसरेल. मग काय आकार होईल, तेही अजून कोणी मांडलेलं नाही."

पार्बताबाई पुन्हा सुपाशी बसल्या. "म्हंजे माहीत नाही."

"नाही."

"एवढंच होतं, तं चिठ्ठीत काहून नाही लिहिलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. "मास्तर रोज पोस्टमनची वाट पाहत. तो सायकलवरून पुढं निघून जाय. मी म्हणो, बाई मोठी आहे, कामात असंल. ते म्हणत, नाही, ती शोधून राहिली असंल."

मला वाटले होते, अर्धवट उत्तर पाठवणे हा मास्तरांचा अपमान ठरेल. खरे तर मला माझे अज्ञान एका निवृत्त प्राथमिक शिक्षकापुढे मांडायचे नव्हते. हे मी तिथे बोलून दाखवले. "मला लाज वाटली," मी म्हणाले. "म्हणून लिहिलं नाही. चूक झाली माझी."

मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी डाव्या हाताने बाजेखालची पाटी मागितली. त्यांना बोलायला आता तीच होती. पेन्सिल थरथरत चालली. त्यांनी एक वाकडातिकडा गोल काढला आणि एका बाजूला बोटाने पुसून त्यात खाच पाडली. मग ती पाटी माझ्याकडे न देता पार्बताबाईंच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून राहिले. पार्बताबाईंनी तो हात तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी जेवायला गरम भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि चुलीत भाजलेल्या भेद्र्यांची चटणी होती. मास्तरांना पार्बताबाई हाताने भरवत होत्या. प्रत्येक घासाआधी भात बोटांनी मऊ करीत आणि त्यांनी गिळेपर्यंत थांबत. मधेच त्या म्हणाल्या, "आता तुमी वाचून दाखवा काही. चार महिने झाले, घरात वाचणं नाही." माझ्या पिशवीत परवाच्या नागपूरच्या वर्तमानपत्राखेरीज काही नव्हते. मी तेच कंदिलाशी धरून वाचले. बातम्या, धानाचे भाव, हवामान, शेवटी हरवल्याच्या जाहिरातीही. दोघे अगदी मन लावून ऐकत होते. हवामानाच्या बातमीवर मास्तर ओठांच्या डाव्या कोपऱ्याने हसले. त्यात पावसाचा अंदाज होता, आणि बाहेर आभाळ निरभ्र होते.

सकाळी उठले तेव्हा पार्बताबाई पांढरी माती भिजवीत होत्या. "उत्तर आलं," त्या म्हणाल्या. "आता भिंत पोतारतो." मी पदर खोचला. त्यांनी मला फडक्याचा बोळा कसा धरायचा आणि हात कसा एकाच बाजूने फिरवायचा ते दाखवले. राखेवरून पहिला हात फिरला तेव्हा माझे मन चरकले. "एक फोटो तरी काढायला हवा होता," मी म्हणाले. "कायले?" त्या म्हणाल्या. "तुमी पाहिलं ना!" मी घागरीची सावली पुसत होते आणि त्या माझ्यामागून माझे राहिलेले पट्टे भरून काढीत होत्या.

भिंत अर्धी झाली असताना त्यांनी विचारले, "बाई, आन् तो दुसरा नाही फुटला तं? तो कुठी जाते?"

"दोघांना एकमेकांभोवती फिरवणाऱ्या बंधनातून तो सुटतो. पहिला नाहीसा झाला, म्हणजे याला धरून ठेवणारं काहीच राहत नाही. मग तो फेकला जातो. एकटाच, सरळ, कायमचा." वाक्य तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. बाहेर अंगणात मास्तर बाजेवर पडून होते. या बाईला मी काय सांगितले! बोळा हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्यांच्याकडे बघायचे धैर्य होईना.

पार्बताबाईंनी हात थांबवला नाही. "किती जोरानं?" त्यांनी विचारले.

मी वळून बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. भुवया वर गेलेल्या, डोळे बारीक झालेले. त्यांना खरोखरच तो तारा दिसत होता आणि त्याचा वेग हवा होता. त्यांचे दुःख होते, ते त्यांचे होते. मी ते ताऱ्यावर नेऊन टांगायचे काही कारण नव्हते.

"आत्ता सांगता येणार नाही," मी म्हणाले. "गणित करावं लागेल. पण हे गणित मला येतं."

"मंग करा. आन् येत नसंल तं तसं लिहा."

निघताना मी मास्तरांच्या पायांना हात लावायला वाकले, तर त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरून मला उभे केले. पार्बताबाईंनी मुरमुऱ्यांची पुरचुंडी दिली. महादेवांनी बैल जुंपले होते. कोपऱ्यावरून वळून बघितले तेव्हा पार्बताबाई बाज उन्हात सरकवीत होत्या. आधी डोक्याकडची बाजू उचलून, मग पायांकडची.

वरठीहून गाडी मिळाली आणि नागपूरला बदलून मी खिडकीशी जागा पकडली. वही काढली. दोन तारे किती जड, स्फोटाच्या वेळी एकमेकांपासून किती दूर, एवढे धरले की वेग निघतो. गुरुत्वाकर्षणाचे हे गणित माझे विद्यार्थीही करू शकले असते. सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर, बहुधा दीड हजारापर्यंत. मी आकडा पुन्हा तपासला. मग तो पार्बताबाईंना कळेल अशा मापात बसवू लागले. आसगावहून पुण्याला पोचायला मला गाडीने एक दिवस आणि एक रात्र लागणार होती. तो तारा हे अंतर एका श्वासात कापील. महादेवांचे बैल माना हलवून जू सावरतील, तेवढ्यात तो पुण्याच्याही पलीकडे गेलेला असेल. वर्ध्याला गाडी थांबली तेव्हा हे सगळे एका पोस्टकार्डावर लिहून मी फलाटावरच्या पेटीत टाकले.

परत जागेवर बसले. बाहेर कपाशीची शेते सुरू झाली होती आणि धानाचा मुलूख मागे पडला होता. आता मास्तरांऐवजी ते कार्ड पार्बताबाईंना कोण वाचून दाखवील, महादेव की पोस्टमन, याचा विचार करीत होते. पार्बताबाई चुलीजवळ बसून ऐकतील, भुवया वर नेतील आणि विचारतील, "मंग तो थांबते कधी?"

याचे उत्तर मला येत नव्हते. मी वहीचे पान उलटले आणि वर तेवढेच लिहिले: ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते शब्द लिहिताना मला हलके वाटले, आणि त्यांच्याखाली मी गणित मांडायला घेतले.